दुपारची गोळी आणि मालकांचा भोंगा

मी माझ्या घरमालकांना पहिल्यांदा भेटलो ते त्यांच्याच तेरवीला. निदान मी तरी तसं समजून गेलो होतो.

बदली होऊन मी नुकताच वाशीमला आलो होतो. कचेरीतल्या एकानं सांगितलं, जुन्या गावात एका मंडप-लाऊडस्पीकरवाल्याच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. माणूस चांगला आहे, पण त्याला रक्ताचा कॅन्सर आहे. काय भरवसा, लवकर बोलून घ्या. मी रविवार पाहून गेलो, तर दारात मंडप, मंडपात पंगत, आणि पंगतीत रोडगे, वांग्याची भाजी, वरण. लोक मान खाली घालून मुकाट्यानं जेवत होते. गोवऱ्यांत भाजलेला रोडगा तोंडात असला की कोणीही मुकाट्यानंच जेवतो, हे मला वऱ्हाडात जन्मून कळायला हवं होतं. पण मी चपला काढल्या, चेहरा लांब केला आणि तूप वाढत फिरणाऱ्या एका काटकुळ्या गृहस्थाचा हात धरून म्हणालो, "फार वाईट झालं. मला उशिरा कळलं."

"काय झालं?"

"मालक गेले ना."

"कोन्ता मालक?"

"या घराचे."

त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांखाली सूज होती, आणि त्या सुजेतून त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "थो मीच हाव," ते म्हणाले. "अन् अजून गेलो नाही. तूप वाढून राह्यलो."

माझा चेहरा लांब केलेला तसाच राहिला. तो परत आखडता कसा घ्यायचा ते सुचेना. मालक मात्र माईकपाशी गेले. "हॅलो, हॅलो. माह्या तेरवीले एक पाहुना आला हाये. त्याले दोन रोडगे जास्त वाढा. इतक्या लवकर कोनी येत नाही."

सारी पंगत हसली. मी दोन्ही रोडगे खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्याची किल्ली माझ्या खिशात होती. घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमाले घर पाहाले धाडलं होतं, मालक पाहाले नाही."

ते रोडगे कशाचे होते हे नंतर कळलं. नागपूरहून रक्ताचा रिपोर्ट चांगला आला की मालक मारुतीच्या नावानं रोडगे करायचे. रिपोर्टात आजाराची खूण सापडली नाही, की त्यांच्या भाषेत "शून्य आलं." बाकी माणसं शून्याला भितात. मालक शून्य आलं की गोवऱ्या रचायला घ्यायचे.

रक्ताचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला खाटेवर पडलेला माणूस दिसतो. मालकांचा आजार हळूहळू चालणाऱ्या जातीचा होता. रोज एक गोळी घ्यायची, जेवणासोबत घ्यायची आणि चुकवायची नाही. ती गोळी बिघडलेल्या पेशींना नेमकी गाठते, हे मला त्यांनीच समजावलं. "जुनं औषध कसं, डीजेवानी. एकाले ऐकवाले जाते अन् साऱ्या गावाचे कान फोडते. हे औषध म्हंजे फोन हाये. ज्याचा नंबर, त्यालेच लागते." तरी त्या फोनचंही बिल यायचंच. डोळ्यांखाली सूज, पायात गोळे, सकाळी मळमळ. गोळीचं नाव मात्र ते कधी घेत नसत. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसं नुसतं 'ती' म्हणायचे.

आजाराला ते भाडेकरू म्हणत. "माह्या रगतात एक भाडेकरू राह्यते. काढतो म्हटलं तं निंगत नाही. मंग त्याले धाकात ठेवा. त्याचा आवाज नाही आला पाह्यजे, बस. थो एक नंबरचा भाडेकरू. तू दोन नंबरचा." माझ्या मुलीनं जिन्यावर धावपळ केली की खालून आवाज यायचा, "ओ दोन नंबर! एक नंबर तुमच्यापरीस शांत हाये."

पहिल्या वर्षी म्हणे लग्नसराईत त्यांच्या गोळ्या चुकल्या. मांडव टाकायचे, वायरी ओढायच्या, मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवर रात्र-रात्र लाऊडस्पीकरची मशीन चालवायची, त्यात गोळी खिशातच राहायची. रिपोर्ट चढला, नागपूरच्या डॉक्टर रागावल्या. तेव्हापासून मालकांनी गोळी चारचौघांत घ्यायची ठरवली. "लपून घेतली की मानूस इसरते. साक्षीदार पाह्यजे." ओट्यावर एक छोटा भोंगा कायमचा बसवला. दुपारी जेवायची वेळ झाली की त्यातून खरखर यायची आणि मग आवाज, "हॅलो, हॅलो. गोळी हातात हाये. साक्षीदार पाहा." मग माईकजवळ घटाघट पाणी पिण्याचा आवाज. मग, "गेली."

त्या 'गेली'वर आमची गल्ली चालायची. कोणी तवा उतरवायचं, कोणी शाळेतून पोर आणायला निघायचं. मी कचेरीतून जेवायला घरी यायचो. खरं सांगायचं तर मी जन्माचा भित्रा माणूस आहे. आवाज यायला उशीर झाला की माझा घास हातातच थांबायचा. बायको म्हणायची, "जेवा ना. ते उशिरा गिळून राह्यले म्हणून तुमी काहून थांबले?" पण वाढता वाढता तिचाही हात थांबलेला असायचा.

काकूंना, म्हणजे मालकीणबाईंना, कमी ऐकू यायचं. जन्मभर भोंग्याच्या शेजारी राहिल्याचा परिणाम. घरात नवरा बोलला तर त्यांना कळायचं नाही, माईकवर बोलला तर कळायचं. त्यामुळे "हॅलो, चहा ठेव वं" हेसुद्धा आम्ही वरच्या मजल्यावर ऐकलं आहे.

गोळी घेऊन झाली की मालक एक फोन करायचे. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बाई होती, त्यांच्याच आजाराची. दवाखान्यात ओळख झाली. घरचे ऊसतोडीला जायचे आणि ही एकटी गोळीला कंटाळून बंद करायला निघालेली. मालकांनी तिला बहीण केलं. रोज विचारायचं, "बाई, घेतली का? माह्यासमोर घे. फोनवर पानी पेल्याचा आवाज आला पाह्यजे."

नागपूरला त्यांच्यासोबत मी जायचो, कारण काकूंना बस लागायची आणि मला रजा हवी असायची. कारंजा, कामरगाव, अमरावती करत बस जायची. मालकांना सगळी गावं लग्नांवरून आठवायची. "ह्या गावात माहा भोंगा विहिरीत पडला." "इथं नवरदेव पयाला, अन् माईकवर मलेच सांगा लागलं." कामरगावला बस थांबली की ते चहावाल्याच्या रेडिओकडे कान लावून म्हणायचे, "स्पीकरचा पडदा फाटला हाये." चहापेक्षा त्यांचं लक्ष तिकडेच.

असाच एक रिपोर्ट शून्य आला आणि रोडगे झाले. ऐन उन्हाळ्यात मालक गळ्याला दुपट्टा गुंडाळून वाढत होते. मी म्हटलं, "मालक, दुपट्टा काढा ना."

"घसा धरला हाये."

माईकवर मात्र घसा नेहमीसारखा खणखणीत होता. पंगत उठल्यावर भांडी उचलताना दुपट्टा सरकला आणि मानेच्या उजव्या बाजूला मला डाग दिसले. बिब्ब्याचे. काळे ठिपके आणि भोवती लाल, फुगलेली कातडी.

"हे काय?"

"बारकी गाठ आली होती. बिब्बा लावला."

"अहो, हे तर फुगलंय."

"बिब्बा उतला," ते म्हणाले. "उततेच कधी कधी."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. सुजेवर बिब्बा लावायचा, कोणाला मानवतो, कोणाच्या अंगावर उततो, खाज येते, सूज येते, मग खोबऱ्याचं तेल लावा. मी मान डोलावली. म्हणजे गाठ वाढत होती आणि आम्ही सगळे बिब्ब्याला नावं ठेवत होतो. ज्याला त्याला एकच सांगायचो, बिब्बा उतला, खोबऱ्याचं तेल लावा. डाग वाळले, खपल्या पडल्या, तरी सूज तशीच. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच, जुना बिब्बा असेल.

आणि मालकांचा हिशेब वेगळाच होता. "रिपोर्ट शून्य हाये ना? एक नंबर गप्प हाये. मंग गाठ कायची असन?" घरात चोर एकच, त्यालाच कोंडून ठेवलाय, तर कडी वाजेलच कशी, असं ते धरून चालले होते. त्यांना संध्याकाळचा ताप येऊ लागला, सकाळी गंजीफ्रॉक घामानं पिळून निघायचा, पँट कंबरेवरून घसरायची. ते पट्ट्याला नवं भोक पाडून घ्यायचे आणि म्हणायचे, "चरबी उतरली."

पुढच्या फेरीला नागपूरला डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, हसल्या, आणि म्हणाल्या, "दुपट्टा काढा." बाई वयानं लहान, पण नजर वकिलासारखी. त्यांनी मान चाचपली, काखा चाचपल्या, पोट दाबलं. हसू गेलं.

"किती दिवसांपासून?"

"बिब्बा..." मालक सुरू झाले.

"बिब्ब्याच्या आधी काहीतरी होतं म्हणून बिब्बा लावला ना?"

मालक दुपट्ट्याच्या घड्या घालायला लागले. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहायला लागलो.

डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. ही गाठ क्षयरोगाची असू शकते. जुना आजारच रूप बदलून गाठीत उतरलेला असू शकतो, आणि तसं असेल तर ते फार वाईट. किंवा हा अगदी तिसराच प्रकार असू शकतो. गाठ काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. गाठ काढली, मानेवर पट्टी आली, आणि तपासणी लांबच्या शहरात गेली.

परतीच्या बसमध्ये मालकांनी एकाही लग्नाची गोष्ट सांगितली नाही. कामरगावला चहासुद्धा उतरून घेतला नाही. बस सुटल्यावर हळूच म्हणाले, "तुले काय वाट्टे? कोन्तं असन?"

"टीबी," मी म्हणालो. "टीबीच असेल. औषध घेतलं की जातो."

"पाय बरं. टीबी असला तं बरं होईन."

त्या शनिवारी मी मारुतीला नारळ फोडला. कुणाला क्षयरोग व्हावा म्हणून हात जोडणारा वाशीम जिल्ह्यात मी पहिलाच असेन. बायको शेजारी उभी होती. तिनं काय मागितलं ते मी विचारलं नाही आणि तिनंही मला विचारलं नाही.

टीबी नव्हता.

"जुना आजार या गाठीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची खूण आम्ही मुद्दाम शोधली. तो दबलेलाच आहे. हा वेगळा कॅन्सर आहे, गाठींचा. लिम्फोमा."

"म्हंजे न इचारता आणखी एक भाडेकरू घुसला," मालक म्हणाले.

"तसं म्हणा. तुमची गोळी घेणाऱ्या लोकांमध्ये असं झाल्याची उदाहरणं आहेत, पण फार थोडी. क्वचित होतं."

मालक खुर्चीत पुढे सरकले. "बाई, एक सांगा. हे गोळीनं झालं का?"

डॉक्टर लगेच बोलल्या नाहीत. हातातला पेन त्यांनी टेबलावर ठेवला, मग म्हणाल्या, "मला खोटं सांगायचं नाही. गोळीनं झालं, की मूळच्या आजारामुळे, की वयानं, की नुसता योगायोग, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक मी छातीठोकपणे सांगते. मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. ती बंद झाली तर जुना उठेल, आणि मग आपल्याला दोघांशी लढावं लागेल. नव्यासाठी सलाईनमधून औषध देऊ. यावर इलाज आहे."

मी बाहेर येऊन सगळं मनात नीट घोकलं, कारण घरी गेल्यावर बायको उलटतपासणी घेणार हे ठरलेलं. मालकांनी मात्र डॉक्टरांचं बोलणं ऐकलंच नव्हतं. बोलण्याआधी त्या जेवढ्या गप्प बसल्या, तेवढंच त्यांनी ऐकलं होतं. हे मला फार उशिरा कळलं.

सलाईन सुरू झाली. नागपूरच्या फेऱ्या वाढल्या. मालकांचे केस गेले, भुवया गेल्या. गल्लीतली पोरं आधी बिचकली. मग मालकांनीच माईकवर सांगितलं, "हॅलो, घाबरू नका, मीच हाव. रंगरंगोटीसाठी जुना रंग खरवडला हाये." गाठ मात्र लोण्यासारखी विरघळत गेली. मानेवर हात फिरवला तर काही लागायचं नाही. दुपारचा भोंगा रोजच्यासारखा चालू होता. हॅलो, हॅलो, साक्षीदार पाहा, घटाघट, गेली.

आणि हळूहळू मालक बरे दिसायला लागले. केस नव्हते, पण चेहरा उजळला. चालताना पायात गोळा येऊन ते मध्येच भिंत धरायचे, तेही थांबलं. गल्लीत जो तो म्हणायचा, मालक, तब्येत सुधारली. मीही म्हणालो. एका दुपारी ताटावर बसलो असताना बायकोला म्हटलं, "पाहिलंस का, चेहरा किती छान दिसतोय. डोळ्यांखालची सूजसुद्धा गेली."

ती भाकरी थापता थापता थांबली. "तेच म्हणून राह्यली मी. सूज गेली."

"मग चांगलंच झालं ना."

"अवो, ती सूज कायची होती?"

"गोळीची."

"मंग गेली कशी?"

भोंग्यात खरखर झाली. हॅलो, हॅलो. गोळी हातात हाये. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत ऐकत राहिलो. घटाघट. गेली. इतकी वर्षं ज्या शब्दावर माझा घास तोंडात जायचा, त्या शब्दावर या वेळी तो ताटात परत गेला. तव्यावरची भाकरी करपली आणि कोणी उलटली नाही.

"सलाईननं उतरली असेल," मी म्हणालो.

"खाली जाऊन इचारा."

मी खाली गेलो. मालक ओट्यावर बसले होते. आता समोरच्या माणसाला काय विचारायचं? तुम्ही रोज साऱ्या गल्लीशी खोटं बोलता का? मी विचारलं, "मालक, नळाला पाणी कधी येणार?"

"येऊन गेलं. तूच तं भरलं सकाळी."

"हो का." मग मी वर-खाली पाहायला लागलो. ओट्याच्या वर फळीवर एक मोठा जुना भोंगा आडवा ठेवला होता, धुळीनं भरलेला. मला कारण सापडलं. "हा भोंगा फार मळलाय. काढून पुसून देऊ का?"

"नको."

इतक्या पटकन 'नको' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पण मी तोवर स्टुलावर चढलो होतो. भोंगा ओढला, तोंड खाली झालं, आणि आतून काहीतरी खळखळत माझ्या टकलावर, खांद्यावर, ओट्यावर पडलं. आधी वाटलं, उंदरांनी काही साठवलंय. खाली पाहिलं तर गोळ्या. कणसातून दाणे सुटावे तशा ओट्यावर घरंगळत गेल्या. काही पायरीवरून गल्लीत गेल्या.

मालक उठले नाहीत. माझ्या हातातून भोंगा सुटला आणि स्टुलावर आपटून वाजला. आवाजानं बायको जिन्यातून खाली आली. तिनं गोळ्या पाहिल्या आणि वाकून वेचायला लागली.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"गाठीचं समजलं तवापासून," मालक म्हणाले. आवाज माईकशिवायचा, अगदी लहान. "बाई, मले भेव वाट्टे."

"कॅन्सरचं?"

"त्याची सवय झाली. ह्या गोळीचं भेव वाट्टे. रोज सोताच्या हातानं तोंडात टाकली. गल्लीले सांगून सांगून टाकली. अन् हिनंच दुसऱ्याले दार उघडून देलं असन तं? हातात घेतली की हात तोंडापर्यंत येत नाही. मंग नुसतं पानी पेतो."

मी स्टुलावरून उतरून काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. तांड्यावरची बाई. मालकांनी फोन नेहमीसारखा मोठ्या आवाजावर उचलला, कारण त्यांना हळू आवाजाचं काही माहीतच नव्हतं.

"भाऊ, आज फोन नाही केला तुमी. मी गोळी हातात घेऊन बसली हाव."

"घे बाई, घे," मालक सवयीनं म्हणाले.

तिकडे पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "घेतली. तुमी घेतली ना, भाऊ?"

ती रोजच विचारत असणार. माझ्या बायकोची मूठ गोळ्यांनी भरलेली होती. ती त्यांच्यासमोर बसली आणि मूठ उघडून धरली, एवढंच.

"मंग करतो तुले फोन," म्हणून मालकांनी फोन ठेवला.

"थिले घे म्हन्ता," बायको म्हणाली. "अन् सोता भोंग्यात टाकता."

"थिनं नाही घेतली तं मरन ना थे."

"मंग?"

मालकांनी तो फोन माझ्याकडे सरकवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "डाक्टरीनबाईले फोन लाव. तू बोल. मले ऐकाची ताकद नाही."

मी बोललो. म्हणजे ऐकलं. डॉक्टरांनी मला असं झापलं की गोळ्या मीच टाकल्या होत्या जणू. भोंग्यातल्या फेकून द्या, नव्या पाकिटातली आजच जेवणासोबत सुरू करा, उद्या सकाळी नागपूरला रक्त द्यायला या. शेवटी त्यांचा आवाज जरा खाली आला. "त्यांना सांगा, भीती वाटते तर मला सांगायचं. भोंग्याला नाही."

मालक ओट्यावरच पुन्हा ताट घेऊन बसले, नवं पाकीट फोडलं. काकूंना खालच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. मालकांनी माईक हातात घेतला. खरखर झाली. एका जेवणाच्या वेळी दुसऱ्यांदा भोंगा वाजला म्हणून गल्लीतली दारं उघडली.

"हॅलो." पुन्हा खरखर. "हॅलो. मी तुमाले खोटं सांगून राह्यलो होतो. गोळी नव्हती. नुसतं पानी होतं. आता गोळी हातात हाये. हात कापून राह्यला, पन हाये. साक्षीदार पाहा."

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. माईकवरचं त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी नवऱ्याचा कापणारा हात मनगटाशी धरून वर नेला, गोळी तोंडात गेली, पाणी गेलं. मग जुन्या बायका लेकराला म्हणतात तसं म्हणाल्या, "आ करा." मालकांनी आ केला. काकूंनी जिभेखाली पाहिलं. मग त्यांनीच माईकपाशी तोंड नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर बोलल्या, "गेली."

जुना भाडेकरू खरंच जिना चढून आला होता. रिपोर्टात आकडा उठला. पुढचे महिने आमच्या घरात कोणी मोठ्यानं हसलं असेल तर मला आठवत नाही. प्रत्येक रिपोर्टाच्या वेळी मी बसमध्ये खिडकीला कपाळ टेकून बसायचो आणि मालकच मला म्हणायचे, "तुले बस लागली काय?" आकडा उतरत उतरत परत खाली गेला. सलाईनचे डोस संपले. गाठ पुन्हा आलेली नाही. पण डॉक्टर 'बरे झालात' म्हणत नाहीत. 'सध्या काही दिसत नाही' म्हणतात. त्या 'सध्या'वर मालक रोडगे करतात. पूर्वी शून्यावर करायचे. डोळ्यांखालची सूज परत आली. मला आता त्या सुजेसारखं देखणं काही वाटत नाही.

आम्ही स्वतःचं घर बांधलं ते दोन गल्ल्या पलीकडे. लांब जमलं नाही, कारण बायको म्हणाली, भोंगा ऐकू आला पाहिजे. वारा इकडे वाहत असला की 'साक्षीदार पाहा' नीट ऐकू येतं. नसला की नुसती खरखर येते, पण तेवढीही पुरते.

मागच्या महिन्यात एका दुपारी ती खरखर आली नाही. घास हातात धरून मी थांबलो. बायको दारात जाऊन उभी राहिली. वारा इकडेच वाहत होता. मालकांचा फोन लागेना. मी हात न धुता गाडी काढली, आणि दोन गल्ल्यांच्या अंतरात मी त्यांचा मांडव, पंगत, काकूंचे ओले हात, सगळं पाहून घेतलं. पहिल्या दिवशी लांब केलेला तो चेहरा या वेळी आपोआप लांब झाला होता.

मालक ओट्यावर बसले होते. वरची फळी रिकामी, ओट्यावरचा भोंगा गायब.

"मशीन कुठाय?"

"तांड्यावर गेली. माह्या बहिनीच्या पोरीचं लगन हाये ना. फोनही तिकडंच हाये, गानी लावाले. मी उद्या जाऊन राह्यलो." मग माझ्या तोंडाकडे नीट पाहून म्हणाले, "आज कोनाच्या तेरवीले आला?"

मी पायरीवरच बसलो. काकूंनी लग्नासाठी केलेले बेसनाचे लाडू दिले, मी दोन खाल्ले, पत्रिका घेतली, कोणत्या गाडीनं जायचं ते ठरवलं आणि हसत हसत घरी आलो.

बायको दारातच होती. मी सगळं सांगितलं. मशीन लग्नाला गेली, फोनही गेला, मालक ठणठणीत आहेत, लाडू छान झालेत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अन् गोळी घेतली का त्याईनं?" ती म्हणाली. "ते इचारलं का?" मी खिशातली पत्रिका चाचपायला लागलो तशी तिनं पायात चपला सरकवल्या. "व्हा बाजूले. लाडू खाऊन आले."